तालुक्याचा उपविजेता घरी का बसतो? कबड्डीत पुढच्या फेरीचा संघ कसा ठरतो आणि कसा ठरावा

शिरूर-दौंड प्रतिनिधी

पावसाळ्यात शाळा-कॉलेजच्या तालुका कबड्डी स्पर्धा सुरू झाल्या की आपल्या भागात दरवर्षी एकच वाद ऐकू येतो. "आमचा संघ चांगला होता, पण ड्रॉ वाईट आला." "त्यांना पुढे चाल मिळाली, आम्हाला पहिल्याच फेरीत तगडा संघ." "तालुक्यात आम्ही दुसरे आलो, पण जिल्ह्यात खेळलेल्या निम्म्या संघांना आम्ही हरवलं असतं."

भीमेच्या अल्याड शिरूर, पल्याड दौंड. मांडवगण फराटा असो की केडगाव, न्हावरे असो की पाटस, हे बोलणं दोन्हीकडे सारखंच. पण संघ पुढे नेमका कसा जातो, हे बऱ्याच पालकांना आणि खेळाडूंनाही माहीत नसतं. म्हणून ही सगळी पद्धत एका ठिकाणी सोप्या भाषेत देत आहोत. शेवटी एक सूचनाही आहे. ती पटली तर आपल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांपर्यंत पोचवा.

हा वाद नुसता ढालीचा नाही

जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढलेल्या खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडा गुण मिळू शकतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याच्या अटी कडक आहेत आणि वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. पण वरच्या पातळीवर जायचा रस्ता तालुक्याच्या मैदानावरूनच जातो. तिथं अडकलेल्या पोराला पुढचं दारच दिसत नाही. उसाला पाणी देऊन सरावाला पळणाऱ्या पोराचं त्यात अख्खं वर्ष जातं. बारावीतला असेल तर पुढच्या वर्षी शालेय स्पर्धेची संधीही नसते.

शालेय स्पर्धेची शिडी

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. अकरावी-बारावीची मुलं १९ वर्षांखालील गटात येतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य.

पुणे जिल्ह्यात शहर सोडून १३ तालुके आहेत : जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ, मुळशी, हवेली, दौंड, पुरंदर, राजगड (आधीचा वेल्हे), भोर, बारामती आणि इंदापूर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांचे संघ वेगळे धरले जातात. विभागात आपल्यासोबत अहिल्यानगर आणि सोलापूर येतात. राज्यात क्रीडा विभाग ८ आहेत, म्हणून राज्य स्पर्धेत ८ विभागांचे ८ विजेते भिडतात.

या शिडीची खूण म्हणजे जो संघ जिंकतो तोच शाळेचा संघ पुढे जातो. उपविजेता कितीही तगडा असला तरी तिथंच थांबतो. राज्य स्पर्धेनंतर राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ मात्र खेळाडू निवडून बांधला जातो.

विद्यापीठाची शिडी वेगळी

बारावीनंतर पद्धत बदलते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी कॉलेज-कॉलेजमध्ये विभागीय सामने होतात. शिरूर आणि दौंडची कॉलेजं पुणे ग्रामीणच्या बाजूने खेळतात. पुणे शहर, नगर आणि नाशिक हे बाकीचे विभाग. तिथून विभागाचा संघ निवडला जातो, विभागांचे आपसात सामने होतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ तयार होतो.

मग विद्यापीठ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतं. देशाचे चार विभाग आहेत आणि प्रत्येक विभागातले पहिले ४ संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात, म्हणजे एकूण १६. त्यातले पहिले ८ संघ 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. ही स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली.

यातली गोम बघा. वरच्या पायरीवर पहिल्यासोबत दुसरा, तिसरा, चौथाही पुढे जातो. एक सामना हरला म्हणून चांगला संघ बाद होत नाही. आणि खालच्या पायरीवर, जिथं पोरं सगळ्यात लहान आणि साधनं सगळ्यात कमी, तिथं मात्र दुसऱ्याला जागा नाही.

बाद पद्धत आणि 'पुढे चाल'

तालुका-जिल्ह्याला बहुतेक वेळा बाद पद्धत असते. हरला की बाहेर. हिशेब सोपा आहे : जितके संघ, त्यातून एक वजा केला की तितके सामने. १६ संघांना १५ सामने, १३ संघांना १२.

संघांची संख्या ४, ८, १६, ३२ अशी बसत नसेल तर काही संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे पाठवावं लागतं. त्यालाच 'पुढे चाल' म्हणतात. १३ संघ असतील तर पुढचा आकडा १६, म्हणून १६ वजा १३, म्हणजे ३ संघांना पुढे चाल.

ती कुणाला द्यायची याचीही ठरलेली रीत आहे. १३ संघांचे दोन भाग करायचे, वर ७ आणि खाली ६. पहिली पुढे चाल खालच्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या भागातल्या पहिल्याला. चौथी असती तर वरच्या भागातल्या शेवटच्याला. कोणता संघ कोणत्या जागी, हे चिठ्ठी टाकून ठरतं. गेल्या वर्षीचे विजेता-उपविजेता पहिल्याच फेरीत भिडू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या भागांत ठेवायची पद्धत आहे. त्याला मानांकन म्हणतात.

इथं एक फरक ध्यानात घ्या. चिठ्ठीने मिळालेली पुढे चाल हे नशीब, कमावलेली पुढे चाल हा हक्क. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात १२ संघ होते आणि प्रत्येकाने साखळीत २२ सामने खेळले. पहिले ६ पुढे गेले, त्यातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. पुणेरी पलटण गुणतक्त्यात पहिली राहिली, म्हणून थेट गेली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला तिने हरियाना स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपदही घेतलं. कर्णधार होता आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पलटणला एक फेरी वाचली म्हणून कुणी तक्रार केली नाही, कारण ती २२ सामने खेळून कमावलेली होती.

साखळी का घेत नाहीत?

साखळी सगळ्यात न्याय्य, हे खरं. पण १६ संघांची पूर्ण साखळी म्हणजे १२० सामने. एवढे दिवस, पंच, जेवणखाण कुणाला परवडणार?

मधला रस्ता आहे. १६ संघांचे चार-चारचे ४ गट करायचे. एका गटात ६ सामने, चार गटांचे २४. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत. तिथून अंतिम सामन्यापर्यंत ७ सामने. एकूण ३१. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं आणि संघांची बदलाबदल धरली तर सामन्याला तास लागतो. दोन मैदानं असतील तर दोन दिवसांत आटोपतं. जत्रेतल्या चषकांना ही पद्धत चांगली. प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतात, लांबून टेम्पो करून आलेली पोरं पाऊण तासात परत जात नाहीत.

तीन संघ बरोबरीत आले तर?

गट पद्धतीत भांडणं इथं होतात. उदाहरण घेऊ. 'क' संघाने 'ख'ला ३६-२८ हरवलं. 'ख'ने 'ग'ला ४४-२४. 'ग'ने 'क'ला ३१-२९. तिघांचा एकेक विजय. चौथ्या संघाला तिघांनीही हरवलं. आता पहिला कोण?

आपसातल्या सामन्यांचा गुणफरक काढला तर 'क' अधिक ६, 'ख' अधिक १२, 'ग' उणे १८. म्हणजे 'ख' पहिला. पण 'ख'चे बारा कुठून आले? 'ग'वर मिळवलेल्या वीस गुणांच्या फरकातून. त्या सामन्यात 'ग'चा मुख्य चढाईपटू पाय मुरगळून बाहेर बसला असेल तर?

म्हणून एका सामन्याचा फरक जास्तीत जास्त १० धरावा, असा नियम करता येतो. मग 'क' अधिक ६, 'ख' अधिक २, 'ग' उणे ८. आता 'क' पहिला. 'ख'ला त्याने समोरासमोर हरवलेलंही आहे.

दोन्ही हिशेब चुकीचे नाहीत. चूक तेव्हा होते, जेव्हा सामने झाल्यावर कागद काढून कोणता हिशेब लावायचा हे ठरवलं जातं. तेव्हा नियम राहत नाही, सोय होते.

अमेरिकेत काय झालं

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत कॉलेजांचा त्यांचा फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा खेळ, प्रचंड चालतो. संघ शंभरावर, सगळे एकमेकांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून २०१४ च्या हंगामापासून १३ जणांची समिती क्रमवारी लावून शेवटच्या फेरीसाठी ४ संघ निवडायची.

२०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकला आणि आपल्या साखळीचा विजेता ठरला. तरी समितीने त्याला पाचवा ठेवला आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. कारण काय, तर फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जखमी होता, त्याच्याशिवाय संघ तसा राहिला नाही. समितीच्या नियमांत जखमी खेळाडूंचा विचार करायची मुभा होती. म्हणजे नियम मोडला नाही, पण नियमच इतका सैल की सगळे सामने जिंकूनही जागेची खात्री नाही. आपल्याकडे एखाद्या अजिंक्य संघाला 'तुमचा चढाईपटू जखमी आहे, तुम्ही राहू द्या' असं सांगितलं तर काय होईल, विचार करा.

२०२४ पासून तिथं १२ संघ घेतात. त्यात पाच साखळी-विजेत्यांना जागा पक्की, बाकीच्या सात जागा समिती भरते. म्हणजे जिंकणाऱ्याला हक्क आणि थोडक्यात हुकलेल्याला दुसरी संधी, दोन्ही. त्यांची आणखी एक रीत घेण्यासारखी आहे : समितीतल्या माणसाचा ज्या कॉलेजशी संबंध असतो, त्या कॉलेजची चर्चा निघाली की तो खोलीबाहेर जातो.

माझा अनुभव

मी बारावीत असताना आमचा संघ तालुक्यात चार सामने मारून अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना एका गुणाने गेला. शेवटच्या चढाईत आमचा गडी मध्यरेषेवर हात टेकवायला गेला आणि घोट्यात धरला गेला. हरलो ते हरलो, त्याचं दुःख नाही. जिंकलेला संघ चांगलाच होता.

पण जिल्ह्याचे सामने बघायला आम्ही सायकलीवर गेलो, तेव्हा कळलं की एका तालुक्याचा संघ दोनच सामने जिंकून तिथं आला होता. त्यात त्याला पहिल्या फेरीत पुढे चालही मिळालेली. ड्रॉ कधी काढला, कुणासमोर काढला, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचा मुख्य चढाईपटू त्या दिवशी मैदानाबाहेर उभा राहून सामना बघत होता. पुढे तो खेळला नाही. आज आम्ही दोघं शेतीच करतो. भेटलो की कांद्याच्या भावानंतर बोलणं त्या एका गुणावरच येतं.

तेव्हा मला वाटायचं की अन्याय त्या दुसऱ्या संघाने केला. आता कळतं, त्या पोरांची काही चूक नव्हती. त्यांच्या तालुक्यात संघच कमी होते. चूक पद्धतीत होती.

सूचना : १३ विजेते, ३ दुसरी संधी

एका तालुक्यात ४० संघ खेळले तर विजेत्याला पाच-सहा सामने जिंकावे लागतात. दुसऱ्या तालुक्यात ६ संघ असतील तर दोन-तीन. दोघांना जिल्ह्यात जागा एकेकच. लहान तालुक्याची जागा काढून घ्या, असं मी म्हणत नाही. राजगडच्या डोंगरातल्या पोरांनाही जिल्हा बघायला मिळालाच पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या विजेत्याचा हक्क पक्का राहू द्या.

पण वरचा हिशेब आठवा. १३ विजेते घेतले की ३ जागा पुढे चालीत रिकाम्या जातात. त्याच ३ जागा उपविजेत्यांना द्या. १६ संघ पूर्ण होतात, चिठ्ठीच्या नशिबाची पुढे चाल कुणालाच राहत नाही. सामने १२ चे १५ होतात, म्हणजे फक्त ३ वाढतात. दोन मैदानांवर तेवढे एका दिवसात बसतात.

कोणत्या तीन तालुक्यांचे उपविजेते? ज्या तालुक्यांत सगळ्यात जास्त संघ प्रत्यक्ष खेळले, त्या पहिल्या तीन तालुक्यांचे. जिथं स्पर्धा मोठी, तिथला दुसरा संघही तावून-सुलाखून आलेला असतो. इथं मतदान नाही, ओळख नाही, नुसती मोजणी.

यात पळवाटा निघतील, त्या आधीच बुजवाव्या लागतील :

१. कागदावरचे संघ मोजायचे नाहीत. मैदानात उतरून सामना पूर्ण खेळलेलाच संघ मोजायचा. नाहीतर जागा वाढवायला नावं नोंदवून पोरं न आणण्याचा धंदा सुरू होईल.

२. दोन तालुक्यांची संख्या सारखी आली तर सगळ्यांसमोर चिठ्ठी.

३. एकाच तालुक्याचे विजेता आणि उपविजेता ड्रॉच्या वेगवेगळ्या भागांत. भिडायचे असतील तर थेट अंतिम सामन्यात भिडू देत.

४. उपविजेत्याने तालुक्यात नोंदवलेले तेच १२ खेळाडू आणायचे.

५. मैदान, पंच आणि प्रवासाचा वाढीव खर्च आधीच धरायचा.

काही जण म्हणतील, मोठ्या तालुक्यांचाच फायदा होणार. काही प्रमाणात होईल, हे खरं आहे. पण त्यासाठी कुणाची जागा जात नाही. आणि आपल्या तालुक्याला दुसरी जागा हवी असेल तर जास्त शाळांनी संघ उतरवावे लागतील. त्यात कबड्डीचंच भलं आहे.

स्पर्धेआधी काय विचाराल?

ही सूचना कुणी मानो न मानो, खालचे प्रश्न मात्र आजच्या पद्धतीतही खेळाडू, पालक, क्रीडाशिक्षक कुणीही विचारू शकतो. गावच्या चषकालाही हे लागू आहेत.

नियमपत्रक छापील आहे का, आणि पहिल्या सामन्याच्या आधी सगळ्या संघांच्या हातात आहे का?

ड्रॉ कधी, कुठे? प्रत्येक संघाचा एक माणूस हजर राहू शकतो का? ड्रॉचा फोटो काढून लगेच सगळ्यांना पाठवणार का?

मानांकन कोणत्या वर्षाच्या निकालावर?

गुण सारखे झाले तर पहिला निकष कोणता, दुसरा कोणता, तिसरा कोणता?

निवड समितीत कोण आहे? ज्यांचा मुलगा, पुतण्या किंवा शाळा स्पर्धेत आहे, ते त्या संघाच्या निर्णयातून बाजूला राहणार का?

तक्रार लेखी कुणाकडे द्यायची आणि किती वेळात?

हे प्रश्न सामना हरल्यावर विचारले तर रडगाणं वाटतं. आधी विचारले तर कुणालाच नाही म्हणता येत नाही. तालुका स्पर्धेच्या नियोजनाची बैठक होते, तेव्हा बहुतेक शाळांचे क्रीडाशिक्षक तिथं असतात. आपल्या सरांना हे सहा प्रश्न वहीत लिहून द्या आणि उत्तरं लिहूनच आणायला सांगा.